टोंगळ्याचा फोटो, पोटाची बातमी

“डॉक्टरसाहेब, मी त टोंगये दाखवाले आली होती. तुमी पोटात कायले गेले?”

तिवसा तालुक्यातल्या एका आजींनी मला हे विचारलं तेव्हा माझ्याजवळ उत्तर तयार नव्हतं. एक्स-रे आणि सीटी वाचण्यात माझी उभी हयात गेली. पेशंटनं समोर बसून जाब विचारावा, याची आमच्या धंद्यात सवयच नसते. आम्ही अंधाऱ्या खोलीत रिपोर्ट लिहितो, तो लिफाफ्यातून दुसऱ्या डॉक्टरकडे जातो आणि पुढचं बोलणं त्यानं करायचं असतं. आजी मात्र लिफाफा घेऊन थेट माझ्या दारात आल्या होत्या. त्यांच्या पोटात काय निघालं ते पुढं सांगतो. आधी त्यांचा प्रश्न, कारण ज्या पुस्तिकेची ही प्रस्तावना आहे ती सगळी म्हणजे त्या प्रश्नाचं लांबलेलं उत्तर आहे.

वऱ्हाडात गुडघ्याला टोंगळा म्हणतात. बोलताना ळचा य होतो आणि टोंगये दुखतात. इथल्या टोंगळ्यांना कामही तसंच पडतं. कापूस वेचायचा वाकून, सोयाबीन सोंगायचं वाकून, निंदण उकिडवं बसून, स्वयंपाक पाटावर, भजन मांडी घालून. तुकडोजी महाराजांच्या आश्रमात, गुरुकुंज मोझरीला, सायंकाळच्या सामुदायिक प्रार्थनेला बसा आणि प्रार्थना संपल्यावर भगव्या टोपीतली म्हातारी मंडळी उठतात कशी तेवढं पाहा: आधी एक हात जमिनीवर, मग दुसरा शेजाऱ्याच्या खांद्यावर, मग थोडा दम, मग उभं राहणं. माझ्या पेशंटांपैकी निम्मे मी त्या उठण्यावरूनच ओळखीन.

ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारनं गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमती बांधून दिल्या. कोबाल्ट-क्रोमचा नेहमीचा सांधा जीएसटी सोडून ५४,७२० रुपयांवर आला आणि हे ऑपरेशन शेतकरी घरांच्याही बोलण्यात येऊ लागलं. त्याच्या मागोमाग रोबोट आला. आता अमरावती-नागपूर रस्त्यावरच्या गावांतही पोरं बापाला विचारतात, “बावाजी, साधं करता का रोबोटचं?” त्यातल्या पुष्कळांच्या डोळ्यांपुढं एक लोखंडी माणूस असतो, जो डॉक्टरला बाजूला सारून स्वतःच सुरी चालवतो. तसं काही नाही. बहुतेक यंत्रांत करवत धरलेली असते डॉक्टरनंच. यंत्राचा हात त्या करवतीला ठरलेल्या रेषेबाहेर जाऊ देत नाही. १९९२ साली कॅलिफोर्नियात ‘रोबोडॉक’ नावाच्या यंत्रानं खुब्याच्या ऑपरेशनात हाड कोरलं, तिथून ही गोष्ट सुरू झाली. हाड जास्त अचूक कापलं जातं हे मला पटलेलं आहे. दहा वर्षांनी त्या अचूकपणाचा चालणाऱ्याला किती उपयोग होतो, याबद्दल जाहिराती जितक्या खात्रीनं बोलतात तितक्या खात्रीनं मी बोलणार नाही. पण तो या पुस्तिकेचा विषय नाही. तिचा विषय आहे त्या रेषा आखण्यासाठी आधी काढलेला फोटो.

सगळ्याच रोबोटांना सीटी लागत नाही. ‘कोरी’ किंवा ‘वेलिस’सारखी यंत्रं ऑपरेशनच्या टेबलावरच हाडाचा आकार टिपून घेतात, ‘रोझा’चं काम एक्स-रेवरही भागतं. ‘माको’ आणि ‘क्युविस’ यांना मात्र आधी सीटी स्कॅन लागतो. आणि इथंच आजींच्या प्रश्नाचा पहिला भाग सुटतो. पाय सरळ आहे की वाकडा, हे गुडघ्यापाशी पाहून कळत नाही. खुब्याच्या गोळ्याचा मध्य आणि घोट्याचा मध्य यांना जोडणारी ओळ गुडघ्यातून कुठून जाते, यावरून ते ठरतं. गवंडी ओळंबा वरून खालपर्यंत सोडतो, मध्येच धरत नाही, तसंच हे. म्हणून गुडघ्याच्या स्कॅनमध्ये खुबा येतो, घोटा येतो. आणि खुबा आला की त्याच्या शेजारचं घर आलंच: मूत्राशय, गर्भाशय, पुरुषात प्रोस्टेट, आतड्याचा शेवटचा भाग, जांघेतल्या गाठी, पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या. खुब्याच्या ऑपरेशनसाठी स्कॅन असेल तर अख्खी कंबरच येते.

पण ज्याच्यासाठी हे सगळं काढलं त्या यंत्राला यातलं काही नको असतं. त्याला हाड हवं. कंपनीचा माणूस संगणकावर स्कॅन उघडतो, हाडाच्या कडा आखतो, बाकीचं मांस पुसून टाकतो आणि उरलेल्या हाडाचं गोल फिरणारं सुबक चित्र डॉक्टरला पाठवतो. पेशंटच्या पोराला मोबाइलवर दाखवतात ते हेच. जे पुसलं त्यात काय होतं, हे पाहण्याचं काम त्या साखळीत कुणाचंच नाही. काही ठिकाणी रेडिओलॉजिस्ट पूर्ण रिपोर्ट देतो. काही ठिकाणी तो “गुडघ्याची झीज, दर्जा चार” एवढं लिहून मोकळा होतो, कारण त्याला विचारलेलं तेवढंच असतं. आणि काही ठिकाणी स्कॅन त्याच्यापर्यंत पोचतच नाही. मशीनमधून सीडीवर आणि सीडीतून कंपनीकडे. माझ्या मते या विषयातला खरा दोष हा आहे. यंत्रासाठी काढला म्हणून स्कॅन यंत्राचा होत नाही. माणसाच्या शरीरातून काढला तो माणसाचा, आणि तो शेवटच्या चित्रापर्यंत कुणीतरी माणसानं वाचलाच पाहिजे.

दुसऱ्यांकडे बोट दाखवण्याआधी स्वतःचं सांगतो. एका गृहस्थाचा गुडघ्याचा स्कॅन मी वाचला होता, घाईत. गुडघ्याबद्दल दोन परिच्छेद लिहिले, खुब्यावर नजर फिरवली, सही केली. काही महिन्यांनी लघवीतून रक्त जातं म्हणून ते पुन्हा आले. जुना स्कॅन काढून पाहिला तर मूत्राशयाच्या भिंतीचा जाडपणा तिथं होताच, मला न दिसता. तो स्कॅन मी आजही शिकवायला वापरतो. शोधायला निघालो ती वस्तू सापडली की डोळा थांबतो, हा आमच्या धंद्याचा जुना रोग. २०१३ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. छातीच्या सीटीत गाठी शोधायला २४ रेडिओलॉजिस्ट बसवले आणि एका स्कॅनमध्ये गोरिलाचं चित्र घालून ठेवलं, नेहमीच्या गाठीच्या ४८ पट मोठं. २० जणांना तो दिसला नाही. पुष्कळांची नजर त्याच्यावरून गेली होती, हे त्यांच्या डोळ्यांच्या हालचालींच्या नोंदीतच सापडलं. गाठ शोधणाऱ्याला गोरिला दिसत नाही, मग झीज शोधणाऱ्याला मूत्राशय कसं दिसावं?

आता आमच्या भागातल्या कमरांत आणि पायांत काय काय निघतं, ते थोडं सैल हातानं सांगतो. पुस्तिकेचा सगळ्यात वाचनीय भाग तोच आहे आणि परदेशी पुस्तकांत तो सापडायचा नाही.

सत्तरीच्या पुढच्या बायांच्या ओटीपोटात दोन्ही बाजूंना बारीक कड्या दिसतात. शिकाऊ डॉक्टर चक्रावतो. त्या असतात कुटुंबनियोजनाच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये नळ्यांवर चढवलेल्या रिंगा. एखादी निसटून भलतीकडेच जाऊन बसलेली असते आणि बहुतेक वेळा कुणाला काही त्रास न देता तिथंच राहते. पायाच्या मांसात दोरीसारखी, वेटोळं घातलेली पांढरी रेघ दिसली तर तो चुना झालेला नारू. ज्या विहिरीत पायऱ्या उतरून पाणी भरत तिथला हा जंत. १९९६ नंतर देशात त्याचा रुग्ण सापडला नाही आणि २००० साली भारत नारूमुक्त ठरला. पण त्या काळचं पाणी प्यालेल्या पिढीच्या पायात तो अजून आहे, मेलेला, निरुपद्रवी. अशा स्कॅनखाली मी “जुना नारू, काही करू नये” असं लिहितो आणि तेवढं लिहिताना मला बरं वाटतं. एक रोग हरल्याची ती पावती असते.

सगळंच असं गोड नसतं. दर्यापूर, अकोट, तेल्हाऱ्याकडचा खारपाणपट्टा घ्या. पूर्णेच्या खोऱ्यातलं ते खारं पाणी आणि मूत्रपिंडाच्या तक्रारी यांचं नातं तिथल्या माणसाला सांगावं लागत नाही. त्या भागातला पेशंट टोंगळ्यासाठी येतो आणि मूत्रनलिकेच्या खालच्या टोकाला अडकलेला खडा स्कॅनमध्ये दिसतो. ऑपरेशननंतर दिल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडावर जड जातात, तेव्हा हा खडा आधी कळणं फुकट नसतं. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या फ्लोराइडच्या गावांतल्या माणसाची हाडं चित्रात नको तितकी पांढरी दिसतात, कमरेच्या सांधेबंधांत चुना चढलेला असतो. असं हाड करवतीला कठीण जातं.

सिकलसेलचं तर वेगळं प्रकरण. विदर्भाच्या पुष्कळ घरांत तो रोग आहे आणि पुष्कळांना तो आपल्यात आहे हे ठाऊक नाही. त्यात मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून गोळा खचतो, म्हणून ऐन तिशीतली माणसंही खुबा बदलायला येतात. स्कॅनमध्ये हाडाच्या पोकळीत जुन्या, सुकलेल्या भागांचे वेडेवाकडे डाग दिसले तर ते स्टेरॉइडनं झाले असतील, दारूनं झाले असतील. पण वऱ्हाडात मी रक्ताची एक साधी तपासणी सुचवतो. पाय घट्ट बांधून रक्त थांबवायचं आणि भूल द्यायची, त्याआधी सिकलसेल असल्याचं डॉक्टरला कळलेलं बरं. १ जुलै २०२३ ला केंद्रानं सिकलसेल निर्मूलनाची मोहीम मध्य प्रदेशात शहडोलहून सुरू केली. तिच्या शिबिरात न गेलेला माणूस कधी कधी असा खुब्याच्या वाटेनं हाती लागतो.

आणि क्षय. कमरेच्या मणक्यातला पू स्नायूच्या कडेनं हळूहळू जांघेपर्यंत उतरतो, ना ताप ना फारसं दुखणं. असा पू शेजारी असताना नवा धातूचा सांधा बसवणं म्हणजे वाळवी लागलेल्या घरात नवी चौकट बसवणं. आधी औषधं, सांधा नंतर. कधी तर सगळं निदानच फिरतं. दुखतो टोंगळा आणि बिघडलेला असतो खुबा. खुब्याची कळ मांडीतून उतरून गुडघ्यात बोलते. ती ओळंब्याची सरळ ओळ मोजताना डॉक्टरला खुबा दिसतो आणि भलत्याच सांध्याचं ऑपरेशन टळतं.

इथवर वाचून कुणाला वाटेल, मग सगळ्यांचा पुरा स्कॅन काढावा आणि जे निघेल ते काढून टाकावं. नेमकं याच जागी थांबायला हवं. पुस्तिकेच्या लेखिकेनं यावर एक प्रकरण खर्च केलं आहे. मी असतो तर दोन केली असती.

वैद्यकात यासाठी एक थट्टेचा शब्दच आहे, ‘इन्सिडेंटालोमा’: सहज म्हणून सापडलेली गाठ. १९८२ साली तो अधिवृक्क ग्रंथीतल्या गाठींसाठी वापरला गेला आणि मग सगळ्या अवयवांत पसरला. आपली माणसं याला “दुसरंच निघालं” म्हणतात, आणि मला हा शब्द जास्त आवडतो, कारण “निघालं” म्हटलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो: निघालं, मग? दक्षिण कोरियात इतर तपासण्यांच्या जोडीला स्वस्तात गळ्याची सोनोग्राफी होऊ लागली आणि १९९३ च्या तुलनेत २०११ पर्यंत थायरॉइडच्या कॅन्सरचं निदान १५ पट वाढलं. मरणाऱ्यांची संख्या होती तिथंच राहिली. म्हणजे हजारो माणसांच्या गळ्यावर अशा गाठींसाठी सुरी चालली, ज्या त्यांच्याबरोबर सुखानं म्हाताऱ्या झाल्या असत्या.

कोरिया लांब आहे. बीड जवळ आहे. ऊसतोड करणाऱ्या बायांच्या गर्भाशयाच्या पिशव्या काढण्याचं प्रमाण २०१९ मध्ये उजेडात आलं आणि सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. त्या कहाण्यांत एक कागद पुन्हा पुन्हा येतो: सोनोग्राफीचा रिपोर्ट, त्यात ‘सिस्ट’ हा शब्द, आणि समोरच्याचं म्हणणं, “आत्ता काढली नाही तर कॅन्सर होईल.” पाळी गेलेल्या बाईच्या अंडाशयात लहानशी, पातळ भिंतीची, नुसत्या पाण्यानं भरलेली गाठ दिसणं फार साधी गोष्ट आहे. टोंगळ्याच्या स्कॅनमध्येही ती दिसते. रिपोर्टात मी तिच्यापुढं “साधी” हा शब्द लिहिला नाही, तर त्या बाईचं पुढं काय होईल हे माझ्या हातात राहत नाही. नुसतं पाहणं पुरत नाही. पाहिलेल्याचं वजनही लिहावं लागतं. तेही जपून, कारण हा स्कॅन शिरेत औषध न सोडता काढलेला असतो, हाडासाठी काढलेला असतो. मऊ अवयवांबद्दल तो पुष्कळदा “आहे” एवढंच सांगतो, “काय आहे” ते सांगत नाही. मग सोनोग्राफी, मग एमआरआय, मग पुन्हा तीन महिन्यांनी. एका टोंगळ्यासाठी विकलेल्या सोयाबीनचे पैसे असे वाटेतच संपलेले मी पाहिले आहेत.

आणि निघालेलं खरोखर काढायचं असलं, तरी विचारून. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २००८ मध्ये हे स्वच्छ सांगितलं आहे: तपासणीला दिलेली संमती ही ऑपरेशनची संमती होत नाही, आणि एका ऑपरेशनची संमती दुसऱ्याला चालत नाही, जीवच धोक्यात असल्याखेरीज. टोंगळ्याच्या फॉर्मवरचा अंगठा पोटासाठी वापरता येत नाही.

लेखिकेशी माझा एका ठिकाणी मतभेद आहे, तो इथं नोंदवतो. तिनं असं सुचवलं आहे की स्कॅनची चौकट लहान करून फक्त पाय टिपावा, म्हणजे पोटातलं दिसणार नाही आणि नसती काळजीही लागणार नाही. परदेशातही असं म्हणणारे आहेत. मला हे पटत नाही. सीटीचे किरण कमरेच्या आरपार जातातच. चौकट लहान केली म्हणून अंगावर पडलेले किरण कमी होत नाहीत, फक्त तयार झालेलं चित्र कडेनं कापलं जातं. किरणांची किंमत पेशंटनं मोजली आहे. तिचं निम्मं फळ त्याच्या नकळत फेकून देण्याचा हक्क मला कुणी दिला?

गुरुकुंजात बसून ही प्रस्तावना लिहायची माझीच इच्छा होती. १९३५ साली तुकडोजी महाराजांनी इथं आश्रम उभा केला. पुढं याच परिसरात आयुर्वेद महाविद्यालय आलं, रसशाळा आली. महाराज कॅन्सरनं गेले, ११ ऑक्टोबर १९६८ ला. लंडनमधल्या विंबल्डनच्या एका रुग्णालयात माणसाचा पहिला सीटी स्कॅन निघाला १ ऑक्टोबर १९७१ ला. या तीन वर्षांच्या फरकाकडे मी नेहमी अडखळून पाहतो. निष्कर्ष काढत नाही. आज मोझरीच्या पेशंटच्या स्कॅनमध्ये काही वाईट निघालं, तर त्याला मी नागपूरला ज्या कॅन्सर रुग्णालयात पाठवतो, त्यावर महाराजांचंच नाव आहे. त्या नावानं माणसाची भीती थोडी उतरते, हे मी कितीदा पाहिलं आहे.

आता आजी. त्यांच्या गर्भाशयात नागमोडी वळणाची एक पांढरी आकृती दिसली होती: लूप. १९६५ पासून सरकारी कुटुंबनियोजनाच्या कार्यक्रमात ती बसवत. तांबी आली ती त्यानंतर. प्लास्टिकमध्ये बेरियम मिसळलेलं असतं म्हणून ती एक्स-रेत उठून दिसते. तिसऱ्या लेकराच्या नंतर कुण्या नर्सबाईनं ती बसवली होती, पाळी गेली, नातवंडं झाली, आजी विसरल्या. घाबरण्यासारखं काही नव्हतं. पण इतकी जुनी वस्तू आत ठेवून, तिथं दबलेला जंतुसंसर्ग असण्याची शक्यता तशीच सोडून नवा सांधा बसवू नये, म्हणून आधी ती काढायची ठरली. बायांच्या डॉक्टरांनी ती काही मिनिटांत काढली. टोंगळ्याचं ऑपरेशन पुढं महिन्याभरानं झालं. आजी नंतर भेटल्या तेव्हा काठी हातात होती, पण टेकत नव्हत्या. म्हणाल्या, “पन्नास वर्सं पोटात होती, कोनाले कयलं नाई. टोंगयाच्या फोटोनं पकडली!”

वाचणाऱ्याला माझं एवढंच सांगणं आहे. तुमच्या घरात कुणाचं रोबोटचं ऑपरेशन ठरलं, तर भरती होण्याआधी विचारा: “हा स्कॅन पुरा कुणी वाचला? त्याचा कागद द्या.” कागद नसेल तर वाचून घ्या म्हणा, आणि त्यात दुसरं काही लिहिलं असेल तर ते साधं आहे, पाहत राहायचं आहे की आधी सोडवायचं आहे, हे मराठीत समजावून घ्या. मागितल्यावर ७२ तासांत रुग्णाची कागदपत्रं दिली पाहिजेत, असा वैद्यक परिषदेचा २००२ पासूनचा नियम आहे. सीडीही मागून घ्या, आणि रेशनकार्ड ज्या पिशवीत असतं त्याच पिशवीत ठेवा.